चौकातली हजेरी

१४ ऑक्टोबर

प्रिय वगैरे बारक्या,

पाकीट बघून दचकू नकोस. तुझ्याशी जन्मात बोलणार नाही असं मी म्हटलं होतं, लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. आणि बाबांच्या तोंडून तू मला जे हुकूम पाठवतोस, त्यांना कोणीतरी उत्तर द्यायला हवंच. बाबा देणार नाहीत. ज्या माणसाने उभी हयात बसमध्ये तिकिटं तपासण्यात आणि लोकांना फैलावर घेण्यात घालवली, तो तुझा फोन आला की विनातिकीट सापडलेल्या प्रवाशासारखा मवाळ होतो.

कालचा हुकूम असा, की "ताईला सांगा, तुमचा मफलर नीट बांधत जा. मागून सुटलेला दिसत होता." कुठून दिसत होता? त्या हॉटेलच्या गच्चीवरून! आपल्या नगरपालिकेने जगभरच्या रिकामटेकड्यांसाठी तिथे कॅमेरा बसवलाय. घटकाभर नदीवरचा पूल दाखवतो, मग बाजाराचा रस्ता, मग चौक, आणि कोपऱ्यात तापमान, वारा, पाऊस. त्यात चौकातला माणूस तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. मी ऑफिसात उघडून पाहिलंय. त्या दाण्याच्या गळ्यातला मफलर तुला तिकडे समुद्रापार, तुझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात, सुटलेला दिसला. धन्य आहे. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण त्यांना निदान शेळ्या तरी दिसत असाव्यात.

आणि हवामान! बाबांच्या पलंगाच्या उशाशी खिडकी आहे. मान वळवली की आभाळ. पण बाबा मान वळवत नाहीत, ते तुझ्या फोनची वाट बघतात. मग तू तिकडून सांगतोस, "बाबा, तुमच्याकडे ढग आलेत, छत्री घ्या," आणि ते कौतुकाने मला सांगतात, "ताई, ढग आलेत गं. बारक्याचा फोन होता." मी म्हणते, "बाबा, ढग मलाही दिसतायत." त्यावर म्हणतात, "तुला इथले दिसतात. त्याला सगळ्या शहरावरचे दिसतात." यावर काय बोलायचं ते मला आजवर सुचलेलं नाही.

तुझ्या हजेरीच्या नियमावर मात्र सुचतं, आणि त्यासाठीच लिहायला बसले आहे. रोज सकाळी बाबांनी चौकातल्या कारंज्यापाशी जायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून टोपी काढायची. ज्या दिवशी त्यांना हे जमेनासं होईल, त्या दिवसापासून त्यांची रवानगी गावाबाहेरच्या त्या वृद्धनिवासात. तुझं म्हणणं, "ताई दिवसभर ऑफिसात, घरात एकटे पडले बिडले तर?" तो निवास तू पाहिलास का? पाहिलास, स्क्रीनवरच. हिरवळ, बाकं, बाकांवर हसणारी म्हातारी माणसं. जाहिरातीत रडणारं माणूस कोणी घालतं का? बाबांना या घरातून हलायचं नाही. आईचा चष्मा अजून त्यांच्या टेबलावर असतो, रोज पुसून ठेवतात. निवासाचं नुसतं नाव निघालं तरी पान अर्धं टाकून उठतात. म्हणून हा माणूस रोज इस्त्रीचा शर्ट घालतो, त्यावर स्वेटर, त्यावर तो करडा कोट, म्हणजे शर्ट देवालाही दिसू नये, आणि गुडघे ठणकत असताना तुझ्यापुढे टोपी काढायला जातो.

व्हिडिओ कॉल कर म्हटलं तर तुझं उत्तर ठरलेलं, "रोज पाहतोच की त्यांना." बरोबरच आहे. चेहरा समोर आला की चेहऱ्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, दाण्याला द्यावं लागत नाही.

आई गेली तेव्हाही तू हेच केलंस. थांबता येईल तेवढं आम्ही तुझ्यासाठी थांबलो. तू आला नाहीस. संध्याकाळी फोन आला, "ताई, आईची गाडी चौकातून जाताना पाहिली. रस्ता मोकळा होता, बरं झालं. मी होतोच की तिथे." त्या 'होतोच की'वर मी फोन ठेवला, तो ठेवलाच.

मफलर मीच बांधते आणि घट्ट बांधते. यापुढे त्याची काळजी करू नये.

ताई


२ नोव्हेंबर

बारक्या,

परवाची हकीकत बाबा तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

सकाळपासून इथे पाऊस कोसळत होता. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात बसते हे तुला आठवत असलं तर आठवत असेल. बाहेर रस्त्यांच्या नद्या झालेल्या आणि फोनवर लोक माझ्या नावाने शंख करत होते की नळाला थेंब नाही. अशा पावसात तुझा बाबांना फोन आला, "लख्ख ऊन पडलंय बाबा, निघा आता."

आणि बाबा निघाले. छत्री नाही, पायात घरातल्या गुळगुळीत सपाता. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई चिंब भिजून जिना चढत होत्या. त्यांनी हटकलं, "अहो काका, या पावसात कुठे?" तर बाबा त्यांच्या ओल्या केसांकडे बघत म्हणाले, "लख्ख ऊन आहे म्हणतोय मुलगा. हा थांबेलच आता." बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा आधी मला हसू आलं. मग जे काही आलं ते हसू नव्हतं.

मी ऑफिसात तुझा तो कॅमेरा उघडला. माझ्या खिडकीवर पावसाचा मारा, आणि स्क्रीनवर आदल्या दिवशीचं ऊन. चित्र अडकलं होतं! कारंज्याच्या कडेवर दोन कबुतरं, त्यातलं एक उडायच्या बेतात, पंख पसरलेलं, आणि ते काही केल्या उडेना. रस्त्यात बस उभी, तिच्यापुढे सायकलवाला उभा, सायकल पडतही नाही. एवढं सगळं तू डोळ्यांनी बघत होतास आणि तुझ्या डोक्यात शंका शिरली नाही. उलट बाबांना म्हणालास म्हणे, "आज चौक किती शांत आहे." शिकून सवरून एवढ्या मोठ्या हुद्द्यावर गेलास. तुझ्या कंपनीची मला खरोखर काळजी वाटते.

बाबा कारंज्याच्या पायरीवर घसरले. विशेष काही नाही, थोडं खरचटलंय. फोनवर त्यांचा आवाज खोल वाटला तर तो सर्दीमुळे. डॉक्टर म्हणाले, जरा विश्रांती घेऊ द्या. तुझा कॅमेरा नाहीतरी दुरुस्तीसाठी बंद आहे, त्यामुळे हजेरी चुकल्याचा प्रश्न येत नाही. निवासवाल्यांना उगाच फोन करत बसू नकोस. कॅमेरा सुरू झाला की बाबा तुला चौकात दिसतील. हे मी लिहून देते.

ताई


२५ नोव्हेंबर

बारक्या,

दिसले ना? मग झालं तर.

तुझी स्तुतिसुमनं बाबांनी मला ऐकवली. "बाबा, तुमची चाल किती सुधारलीय! पाठ ताठ झाली. आणि आता तर काठी उंच करून दाखवता, म्हणजे काठीचा आधारही लागत नाही!" हे सगळं तू पाठवलेल्या व्यायामाच्या तक्त्याचं श्रेय आहे, असंही तू बजावलंस. आहेच मुळी. तो तक्ता आम्ही शेगडीजवळच्या खिडकीची फट बुजवायला वापरलाय, तेव्हापासून घरात वारा येत नाही आणि सगळ्यांचीच तब्येत बरी आहे.

टोपी का काढत नाहीत म्हणून विचारलंस. थंडी आहे. म्हाताऱ्या माणसाने भर थंडीत तुझ्यासाठी डोकं उघडं करावं अशी अपेक्षा असेल तर तसं स्पष्ट सांग. काठी वर केलेली पुरत नाही का?

कोट आखूड केल्याचं तुझ्या लक्षात आलं, याचं मात्र मला मनापासून आश्चर्य वाटलं. हो, केला. बाह्याही आत घेतल्या. म्हातारपणी माणूस आक्रसतो, असं तूच कुठेतरी वाचलं आहेस ना? मग तेच समज.

बाबा हल्ली घरी जास्त वेळ पडून असतात. वाचतात, झोपतात, माझ्या जुन्या लॅपटॉपवर काहीबाही बघतात. दिवसा सोबतीला एक मदतनीस बाई ठेवली आहे. कशाला, म्हणून विचारशील. घरातली कामं मला एकटीला होत नाहीत, म्हणून. तुला घरातली कामं म्हणजे काय ते माहीत असण्याचं कारण नाही.

वसंतात येणार आहेस असं बाबा सांगत होते. येच. त्यांनी आतापासून तुझी खोली झाडून घ्यायला लावली आहे. रोज मला विचारतात, "त्याला ती जाड उशी लागते की पातळ?" मला आठवत नाही, आणि आठवत असतं तरी सांगितलं नसतं. पण ये.

ताई


१८ डिसेंबर

बारक्या,

येत नाहीस म्हणे. "तुम्ही इतके ठणठणीत चालताय बाबा, मग वसंतातलं माझं येणं पुढे ढकलतो. रोज भेटतोच आहोत की आपण." बाबा फोनवर म्हणाले, "हो हो, बरोबर आहे तुझं. कामं असतात." फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी जेवायला उठवलं तर म्हणाले, "उशी कुठलीही चालेल आता."

मला जास्त लिहायचं नाही, कारण जास्त लिहिलं तर जे लिहू नये ते लिहिलं जाईल, आणि मी बाबांना शब्द दिलाय. एवढंच लिहिते की कॅमेऱ्यात दिसतं ते सोड आणि ये. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. तुझ्याकडे काही मागायचं मला जिवावर येतं. तरी मागते आहे.

ताई


११ जानेवारी

बारक्या,

माझ्या पत्राला तुझं उत्तर एका ओळीचं आलं होतं, "रोज पाहतोय ताई, काळजी करू नकोस." आणि आता गेल्या आठवड्यापासून निरोपांचा पाऊस. प्रत्येकात 'फसवणूक' हा शब्द आहे. ठीक आहे, फसवणूक तर फसवणूक. पण केली कशी ते तरी नीट ऐकून घे, उगाच अर्धवट माहितीवर संतापू नकोस. तशी तुला सवय आहे.

त्या पावसात बाबांना खरचटलं नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. तुझा कॅमेरा बंद होता ते दिवस आम्ही हॉस्पिटलात काढले, आणि तुझ्याशी सर्दी झाल्यासारखं बोलायची तालीम बाबांनी नर्ससमोर केली. ती म्हणाली, "आजोबा, मुलाला खरं सांगा ना." तर म्हणाले, "खरं सांगितलं तर तो मला निवासात टाकेल." शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी माझा हात धरून पहिलं वाक्य काय उच्चारलं सांगू? "ताई, उद्याची हजेरी कोण देणार?"

मी दिली. त्यांचा कोट कापून माझ्या मापाचा केला, टोपी भुवयांपर्यंत ओढली, मफलर नाकापर्यंत गुंडाळला, त्यांची काठी घेतली आणि ऑफिसला जाता जाता चौकात उभी राहिले. टोपी काढता येत नव्हती, काढली असती तर तुझ्या बापाचा अंबाडा दिसला असता. म्हणून काठी वर केली. त्यावर तू निष्कर्ष काढलास की बाबांना काठीचा आधार लागत नाही! मी ते आठवून ऑफिसच्या कपाटात कोट टांगता टांगता इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट घाबरून पाणी घेऊन आली.

बाबा पलंगावर पडल्या पडल्या लॅपटॉपवर तोच कॅमेरा बघायचे. संध्याकाळी मी घरी आले की माझी शाळा. "अगं, मी असा लगबगीने चालतो का? जरा रेंगाळत जा." "पोक काढ. तू फार ताठ चालतेस, त्याला संशय येईल." मी पोक काढलं तर म्हणाले, "एवढंही नाही, म्हातारा दिसतोय मी." हळूहळू त्यांना तो चौकातला म्हातारा आवडायला लागला. एकदा म्हणाले, "बरा चालतो नाही गं तो?" मी त्यांच्या पायाखाली उशी सरकवत होते. मला वाटलं, हा लॅपटॉप खिडकीतून खाली फेकून द्यावा.

रोज सकाळी दोन पुरुष माझ्याकडे डोळे लावून बसायचे, एक समुद्रापार आणि एक घरी पलंगावर. इतकी वर्षं या घरात वावरते आहे, आईचं केलं, आता बाबांचं करते, इतकं टक लावून माझ्याकडे कधी कोणी पाहिलं नव्हतं. आणि तेव्हाही पाहत होते ते मला नाहीच. एके दिवशी कारंज्यापाशी मला या गोष्टीचं रडू आलं, तिथेच, काठी वर केलेली असताना. तू बाबांना म्हणालास, "आज हात बराच वेळ वर होता, छान."

मग तू येणं रद्द केलंस. मी हे सोंग आणल्यामुळेच केलंस, हे मला कळतं. बाबांचं घर राखलं आणि त्यांचा मुलगा घालवला, असा तो सगळा कारभार झाला. त्यावर तू ती एक ओळ पाठवलीस. नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात मी एक दिवस कोट घेतला नाही. माझ्या रोजच्या कपड्यांत, उघड्या डोक्याने, कारंज्यापाशी गेले आणि गच्चीकडे तोंड करून उभी राहिले. कॅमेरा पुलाकडे गेला, बाजाराकडे गेला, परत चौकाकडे आला, तरी मी उभीच. मला वाटलं, निदान एकदा तरी बाबांना विचारशील, ताई का उभी होती?

तुझा फोन आला तेव्हा मी घरी होते. बाबांनी स्पीकर लावला होता. "बाबा, आज आला नाहीत? तुमच्या जागी कोणी बाई उभी होती. सारखी कॅमेऱ्याकडे बघत होती. डोकं फिरलेलं असावं बिचारीचं." दाण्याएवढ्या माणसाचा चेहरा कोणालाच ओळखू येणार नाही, एवढं मलाही समजतं. पण ज्याला मफलरची सुटलेली गाठ दिसते, कोट बोटभर आखूड झालेला दिसतो, त्याला बहीण दिसली नाही. बाबांनी फोन तोंडाजवळ ओढला. मग त्यांनी तुला सांगितलं, "ती बाई आपली ताई आहे. आणि तू ज्याचं कौतुक करत होतास ना, तो बापही तीच होती." आणि फोन ठेवला. तुझा फोन त्यांनी आपण होऊन ठेवलेला मी प्रथमच पाहिला.

त्यावर तुला सुचलं काय, तर निवासवाल्यांना घरी पाठवायचं. काल दोघं जण आले होते. माणसं सभ्य होती, बूट बाहेर काढून आत आली. बाबांनी मला उशा लावून बसतं करायला सांगितलं आणि कित्येक वर्षांनी मी त्यांचा तो बसमधला आवाज ऐकला.

"कोणी पाठवलं?"

"तुमच्या मुलाने, काका. गाडी खालीच आहे."

"तो कुठाय?"

"ते तर परदेशात असतात ना?"

"मग तो आला की या. त्याने मला स्वतःच्या हातांनी या पलंगावरून उचलावं आणि खालच्या गाडीपर्यंत न्यावं. मग तुम्ही म्हणाल तिथे येतो. कुरकुर करणार नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मला नमस्कार केला आणि गेले.

ते गेल्यावर मी विचारलं, "बाबा, खरंच जाल?" ज्या घरासाठी आम्ही दोघांनी एवढं नाटक केलं, ते घर सोडून? म्हणाले, "जाईन. मला एकदा त्याचा हात लागायला हवाय गं. मग कुठे ठेवायचं तिथे ठेवू दे."

मी उशा काढून त्यांना परत आडवं केलं. बारक्या, त्यांना कुशीवर वळवणारे, पुसणारे, भरवणारे हात माझे आहेत. ते हात त्यांना रोज लागतात, म्हणून मोजले जात नाहीत. तुझ्या हातांना असं काय सोनं लागलंय मला ठाऊक नाही. मला बाबांचाही राग आला आहे, आणि तुझा किती येतो ते लिहायला कागद पुरायचा नाही. पण त्यांना हवे आहेत ते तुझे हात, माझे नाहीत. हे मी भांडून बदलू शकत नाही.

म्हणून ये. उचल त्यांना. ते फार हलके झालेत, तुला जड जाणार नाहीत. गाडीत बसवून घेऊन गेलास तरी मी दारात आडवी येणार नाही. जिने चढून आलास की बेल वाजव, दार मीच उघडेन. ओळख पटली नाही तर विचार, मी सांगेन कोण ते.

ताई